जस्ताच्या ट्रेमधलं वांगं

काशिनाथ मेस्त्रीला तुम्ही घालवलंत, आणि घालवताना कागदावर खोटं लिहिलंत. कँपचा नियम मोडून पाच सहकाऱ्यांना विषारी अन्न खाऊ घालणारा माणूस, असं त्याच्याबद्दल लिहिलंत. खाली सही तुमची, तारीख १२ मे १९९९. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. कंपनीचे मॅनेजर म्हणून तुमच्या केबिनच्या दारावर ते इंग्रजीत होतं आणि तुम्ही पुण्याकडचे, म्हणजे हे वाचायला तुम्हाला कुणाची मदत लागणार नाही. आमच्यासारख्यांशी तुम्ही कायम हिंदीत बोललात. मी मराठीतच लिहिणार.

हे पत्र उघडं आहे, ते वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून मुळापासून सांगतो.

मी चंद्रहास, राजापूरचा. काशिनाथ कुडाळकडचा, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. आमचं काम डक्टचं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कापायचा, वाकवायचा, त्याच्या चौकोनी नळ्या करायच्या आणि त्या इमारतींच्या छतात टांगायच्या. कुवेतमध्ये घरोघर, ऑफिसाऑफिसात जी थंड हवा खेळते ती या नळ्यांतून खेळते. शुवैखच्या वर्कशॉपमध्ये आमचं बेंच एकच. पत्रा कसा धरायचा, रेघ कुठे मारायची, हात कसा वाचवायचा, सगळं मी त्याच्याकडून शिकलो. आठ वर्षं शिकलो. राहायला अब्बासियात कंपनीच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत सहा जण.

त्या वर्षी मार्चमध्ये मेडिकल झाली. कंपनीचा डॉक्टर इजिप्तचा होता, सभ्य माणूस. त्यानं काशिनाथच्या रिपोर्टवर रक्तातल्या चरबीच्या दोन आकड्यांभोवती लाल गोल काढले, वर ब्लडप्रेशरच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि सांगितलं, तेल बंद, तळलेलं बंद. आठ आठवड्यांनी, आठ मेच्या शनिवारी, पुन्हा रक्त बघू. आकडे उतरले तर फिट लिहितो, नाही उतरले तर अनफिट. अनफिट म्हणजे कंपनी इकामा वाढवणार नाही. इकामा म्हणजे या देशात राहायचा परवाना, तो गेला की विमान.

काशिनाथला आणखी दोन वर्षं हवी होती. त्याची समिधा नुकतीच नर्सिंगच्या कोर्सला लागली होती, ती बाहेर पडेपर्यंत. त्यानं मला बसमध्ये सांगितलं, "चंद्र्या, दोन वर्षां. मागसून माका कोण ऱ्हव म्हणालो तरी मी ऱ्हवचंय नाय."

आता मेस. मेस तुमची आणि तिथलं जेवण सक्तीचं. तुमच्या मेसमधली डाळ मी तुम्हाला कधी खाताना बघितली नाही. वर बोटभर तेल. वांग्याची भाजी आठवड्यातून चार वेळा, कारण वांगं स्वस्त. आधी वांगं काळं होईपर्यंत तळायचं, मग तेलकट रश्श्यात सोडायचं. काशिनाथ फोड उचलायचा, मुठीत धरून ताटावर पिळायचा आणि उरलेलं चोथ्यासारखं खायचा. पहिले आठ दिवस तो तसाच जेवला. मेसवाल्याला म्हणाला, माझ्यापुरतं उकडून दे. मेसवाला म्हणाला, साहेबांचा कागद आण.

कागद आणायला आम्ही दोघं तुमच्याकडे आलो होतो. डॉक्टरची चिठ्ठी जोडून अर्ज मी लिहिला होता. तुम्ही चिठ्ठी वाचली नाहीत. "ये होटल नहीं है, मिस्त्री," म्हणालात. मी मराठीत सांगितलं की मग आमच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर तरी उघडा, वर्षभर कुलूप आहे. दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत आग लागली म्हणून तुम्ही आमचं स्वयंपाकघर बंद केलं होतं आणि खोलीत शिजवायलाही मनाई केली होती. तुम्ही हिंदीतच उत्तर दिलंत की नियम सगळ्यांना सारखा. अर्ज परत माझ्या हातात.

तेव्हा नियम मोडला तो तिथून मोडला. हे मी नाकारत नाही.

आमच्या कंपनीची व्हॅन चालवणारा यूसुफ दापोलीचा. त्याचं बिऱ्हाड अब्बासियातच, तीन गल्ल्या सोडून. त्याची बायको फखरुन्निसा आधी एका कुवेती घरात स्वयंपाकाला होती. एका शुक्रवारी तिनं काशिनाथला आणि मला जेवायला बोलावलं आणि पुढ्यात काचेचं चौकोनी भांडं ठेवलं. वर पांढरा थर, त्यावर तपकिरी ठिपके, खाली टोमॅटो, त्याच्या खाली वांग्याच्या चकत्या. काशिनाथनं हात आखडता घेतला. तिनं ओळखलं.

"घ्या, काशिनाथभाऊ. चार जणांत मिळून दोन चमचे तेल हाय."

तो म्हणाला, वांगं आणि दोन चमचे? वांगं तर तेलाचं पिंप.

"तळलंत तर पिणारच. भट्टीत शेकलंत तर त्याला पाजतंय कोण?"

ज्या घरात ती कामाला होती तिथे हाच पदार्थ वाटी वाटी तेलात तळून करायचे. पुढे घरच्या म्हातारीला साखर लागली, डॉक्टरनं तळण बंद केलं, आणि म्हातारी वांग्यावाचून जेवेना. तेव्हा हिनं ते भट्टीत करून बघितलं. वरचं चीज काढलं, त्याच्या जागी दह्यात चमचाभर बेसन आणि मिरपूड फेटून ओतली. म्हातारीला फरक कळला नाही, असं फखरुन्निसा सांगते. यूसुफ म्हणतो म्हातारीला कळलं होतं, पण हिला काढलं तर दुसरी मिळणार नाही हेही कळलं होतं.

काशिनाथनं चार चकत्या खाल्ल्या. मग त्यानं खिशातून पेन काढलं.

"लिहून काय होतंय? पुढच्या शुक्रवारी या नि हातानं करा," ती म्हणाली.

यूसुफ हसायला लागला. "तीस वर्षं पत्रा कापला, आता वांगं कापा. त्याला गेज सांग गो आधी, त्याबिगर कातर चालायची नाय."

काशिनाथनं मान वर न करता विचारलं, "गेज कितीचो?"

"अर्ध्या बोटाचा," ती म्हणाली, आणि त्यानं ते लिहून घेतलं.

जुम्मा बाजारातून जुना विजेचा ओव्हन आणला. आतला ट्रे नव्हता, म्हणून स्वस्तात मिळाला. फखरुन्निसानं आपलं काचेचं भांडं दिलं. ओव्हन खोलीत कसा आणला तेही सांगतो, तुम्हाला अजून पडलेलं कोडं असेल: डक्टच्या तुकड्यात घालून, दोन्ही तोंडांना झाकणं ठोकून, तुमच्या हारिसच्या डोळ्यांसमोरून. इमारतीच्या त्या रखवालदारानं दार उघडून धरलं होतं.

आणि मग तो माणूस रोज करायचा. शुवैखहून बस यायची पाच वाजता. सहाला काशिनाथ खाटेवर वर्तमानपत्र पसरून बसलेला. वांग्याच्या चकत्या सगळ्या एका मापाच्या, हवं तर कॅलिपर लावा. त्यांना मीठ लावायचा आणि तोपर्यंत आंघोळ करून यायचा. चकत्यांवर तपकिरी पाण्याचे थेंब आलेले असायचे, ते फडक्यानं टिपायचा. वांग्याचा कडवटपणा त्यात जातो आणि वांगं भूक लागल्यासारखं तेल मागत नाही, असं फखरुन्निसाचं म्हणणं. चमचाभर तेल वाटीत घ्यायचं आणि रंगाच्या नव्या कोऱ्या ब्रशनं चकत्यांवर फिरवायचं. दोन इंची ब्रश, बकाल्यातून म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला. एक बाजू, दुसरी बाजू, ब्रश वाटीच्या काठावर निपटून. ओव्हनमध्ये वीस मिनिटं, कडा लाल होईपर्यंत. कांदा, लसूण, टोमॅटो त्याच ओव्हनमध्ये एका वाडग्यात मऊ करायचे, जळू नयेत म्हणून पाणी शिंपडायचं. मग थर: वांगं, टोमॅटो, वांगं, वर दही. पुन्हा ओव्हन. खाट बाजूला सरकवून ओव्हन भिंतीशी ठेवलेला असायचा, आणि कॉरिडॉरमध्ये असा वास सुटायचा की पलीकडच्या खोलीतले दाराशी येऊन उभे राहायचे.

म्हसळ्याचा मुनव्वर आमच्याच खोलीत, वेल्डर, तोंडाचा पट्टा कायम चालू. तो काशिनाथला वहिनी म्हणायला लागला. "वहिनी, आज मीठ कमी पडलं."

"भावजी, हाडून कोण देता मीठ?" काशिनाथ म्हणायचा. "गिळूक पयलो, हाडूक मागे."

हसायचो. पण त्याचं हसण्यात लक्ष नसायचं. दर गुरुवारी तो फार्मसीतल्या काट्यावर उभा राहायचा. पट्ट्याला नवीन भोकं पडत गेली, पत्र्याच्या पंचनं पाडलेली. एप्रिलच्या मध्याला डॉक्टरनं ब्लडप्रेशर बघितलं, दोन रेघांवाला आकडा उतरला होता. काय खातोस, त्यानं विचारलं. काशिनाथनं सांगितलं. डॉक्टर म्हणाला की हे आमच्या घरीही करतात, पण माझी बायको माझं ऐकत नाही.

एप्रिलच्या शेवटी काचेचं भांडं फुटलं. तापलेलं भांडं त्यानं नळाखाली धरलं. पत्रा तापला की पाणी मारायचा आमचा हात, तोच हात तिथे गेला. भांड्याचे तीन तुकडे झाले. फखरुन्निसाला काय सांगू, असं करत तो बराच वेळ मोरीपाशी उभा.

मी म्हणालो, भांड्याचं काय घेऊन बसलास. तुझ्या हाताखाली पत्र्याचं काम शिकलो ते कशाला?

ट्रे मी केला. दुपारच्या सुट्टीत, बावीस गेजच्या उरलेल्या तुकड्यातून. कोरा पत्रा, मुलाम्यावर उठलेली जस्ताची फुलं चकाकत होती. चारही कोपरे न कापता दुमडले, म्हणजे सांधाच नाही. काठ आत वळवून चेपला, म्हणजे बोट कापायला नको. एवढा मोठा केला की सहा जणांचं एकदम व्हावं, कारण एव्हाना सगळ्यांनाच खायचं होतं. काशिनाथनं त्यात पाणी ओतलं, ट्रे वर्तमानपत्रावर ठेवला आणि दहा मिनिटं थांबला. कागद कोरडा. बोट कोपऱ्यावरून फिरवत म्हणाला, "कोपरो बरो मारलंस."

आठ वर्षांत त्यानं माझ्या कामाला बरं म्हटल्याचं मला हे दुसऱ्यांदा आठवतं.

सात मे, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी रक्त द्यायचं होतं. काशिनाथनं दुप्पट वांगी आणली, म्हणाला, आज सगळ्यांनी खाऊया. बायकोनं गावाहून आमसुलं पाठवली होती. इथल्या टोमॅटोला आंबटपणा नाही अशी त्याची पहिल्यापासून तक्रार. मूठभर आमसुलं भिजत घातली, कोळली, ते सगळं पाणी टोमॅटोत घातलं आणि थर लावून ट्रे नेहमीसारखा लगेच ओव्हनमध्ये न घालता तसाच दीड तास ठेवून दिला, आंबट वांग्यात मुरावं म्हणून. मग भाजलं. एक वाजता मुनव्वर नमाजहून आला आणि आम्ही जेवलो. चव नेहमीपेक्षा चांगली होती. जिभेवर मागाहून काहीतरी तुरट राहत होतं, नाणं तोंडात धरल्यासारखं. मी बोललो तसं. आमसुलाचं आसात, काशिनाथ म्हणाला.

अडीचला मुनव्वर मोरीकडे पळाला. त्याच्या मागोमाग मी. सहा माणसं, मोरी एक. कुणी बादलीत, कुणी गॅलरीत. तुमच्या रिपोर्टात 'गंभीर विषबाधा' असं लिहिलंय, तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात. मी होतो. पोटात पिळा पडत होता आणि सगळे एकमेकांना शिव्या घालत होते. यूसुफनं व्हॅन आणली आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं विचारलं काय खाल्लं, मग विचारलं कशात शिजवलं. मी सांगितलं. पत्रा कुठला? मी म्हणालो जीआय, डक्टचा. त्यानं पेन खाली ठेवलं. आंबट पदार्थात जस्त उतरतं, आणि पोटाला जस्त चालत नाही, एवढं त्यानं मला सावकाश समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं.

जस्त आम्हाला माहीत नव्हतं का? जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंग मारलं की धुरानं ताप भरतो, म्हणून मुनव्वर दिवसाला दोन लिटर लबान, म्हणजे इथलं ताक, प्यायचा. जस्ताचा धूर आम्हाला माहीत होता. गावात जस्ताच्या बादलीतलं पाणी पिऊनच आम्ही सगळे वाढलो, ते पाणीही माहीत होतं. त्यावरून आम्ही धरून चाललो की ज्या बादलीतलं पाणी चालतं त्या पत्र्यातलं वांगंही चालेल.

संध्याकाळी खोलीत परत आलो. काशिनाथला दवाखान्यात सलाईन लावलं होतं, तो सगळ्यांत जास्त खचला होता. फखरुन्निसा पेज घेऊन आली, कोपऱ्यातला ट्रे उचलून तिनं उजेडात धरला. जिथे थर होता तिथली जस्ताची फुलं गेली होती, पत्रा काळवंडला होता.

"आमसुलं घातलीत? ह्यात?" तिनं विचारलं. "कल्हई उडालेल्या पितळेत आमची आजी चिंचेचं पाणीसुद्धा ठेवू द्यायची नाय. एवढं कुणालाच म्हाईत नाय तुमच्यात?"

नव्हतं. माझ्या आईला होतं. कल्हईवाला अंगणात बसायचा, भांडं तापवून त्यात कथील फिरवायचा, आणि मी तासन्‌तास बघत उभा. भांडं चकाकतं म्हणून बघायचो. ते कशासाठी करतात हे मी आईला कधी विचारलं नाही. आम्हा सहांपैकी एकानंही आयुष्यात चुलीपुढे बसून काही शिजवलेलं नव्हतं.

ती गेल्यावर काशिनाथनं भिंतीकडे तोंड करून मला म्हटलं, "आमसुलां माझी, पत्रो तुझो. माका आमसुलातला कळाक नाय, ता जांव दे. तुका पत्र्यातला कळाक होया होता. त्याच्यार तर जेवतंस." त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. इथेच सांगून टाकतो, तो अजून बोललेला नाही.

शनिवारी तो रक्त द्यायला गेला, ओठ फुटलेले. यूसुफ बरोबर होता. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, शरीर कोरडं पडलंय, आज रक्त घेणं चुकीचं, सोमवारी ये. त्यानं यूसुफ आणि काशिनाथसमोर तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते त्या दोघांना ऐकू आलं नाही. डॉक्टर दोनदा म्हणाला, फक्त दोन दिवस. मग फोन ठेवला आणि यूसुफला म्हणाला, तरीपण सोमवारी आण.

रविवारी तुम्ही आम्हाला एकेक करून केबिनमध्ये बोलावलंत. टेबलावर ओव्हन होता आणि त्यावर ट्रे. माझी पाळी आली तेव्हा मी बसलो नाही. म्हणालो, हा ट्रे मी केला. पत्रा वर्कशॉपमधून मी घेतला, काशिनाथनं सांगितलं नव्हतं. झालं ते या पत्र्यानं झालं, दवाखान्याच्या डॉक्टरनं लिहून दिलंय, हा कागद. लिहायचं तर माझं नाव लिहा.

तुम्ही उठून दार लावलंत. आणि त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोललात.

"हे बघ, चंद्रहास. खैरानच्या शॅलेंचं काम पुढच्या आठवड्यात सुरू होतंय. सात महिने. मला तिथे तू हवायस. तो आता थकलाय, आज ना उद्या जाणारच आहे. तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. जा, कामाला लाग."

मी कामाला लागलो. हेही लिहितोय, कारण तुम्ही म्हणाल की याला तेव्हा तोंड नव्हतं का. होतं. माझाही इकामा तुमच्या कपाटात होता आणि मी तोंड मिटलं. काशिनाथसमोर जे बोलायला हवं होतं ते मी तुमच्या बंद दाराआड बोललो, आणि दार उघडल्यावर गिळलं.

सोमवारी डॉक्टरनं काशिनाथचं रक्त घेतलं. रिपोर्ट कामगाराच्या हातात देत नाहीत, थेट कंपनीला जातो, ही तुमचीच पद्धत. बुधवारी तुमचा कागद आला. त्यावर कारणं दोन. पहिलं, ठरल्या तारखेला तपासणी दिली नाही, सबब अनफिट. दुसरं, पाच सहकाऱ्यांना विषारी अन्न. ट्रे कुणी केला ते कुठे नाही. मेसचं नाव नाही. डॉक्टरच्या फोनचा उल्लेख नाही.

गुरुवारी काशिनाथ तुमच्या खिडकीशी गेला. मुनव्वर त्याच्यासोबत होता, म्हणून मला माहीत. काशिनाथ म्हणाला, सोमवारचा रिपोर्ट बघा आणि मग ठरवा. आकडे नसतील उतरले तर मी आपल्या पायांनी जातो.

तुम्ही म्हणालात, "रिपोर्ट आया नहीं है."

पुढच्या आठवड्यात तो गेला. बॅग खाली नेताना मी हात पुढे केला, त्यानं बॅग माझ्या हातातून काढून घेऊन मुनव्वरला दिली. मी जिन्यात उभा राहिलो. त्याच दिवशी दुपारी खैरानला गेलो, समुद्राकाठी श्रीमंतांच्या सुट्टीच्या घरांत थंड हवेच्या नळ्या टांगायला. काम चांगलं केलं. तुम्ही शाबासकी दिली होतीत, आठवत असेल.

ऑक्टोबरात माझी मेडिकल आली. तोच डॉक्टर. त्यानं विचारलं, तो वांगं खाणारा कुठे आहे, कसा आहे. मी म्हणालो, गेला घरी, तुमचा रिपोर्ट वेळेत आला नाही. डॉक्टर खुर्चीतून उठला. मग त्यानं कपाटातून एक फाईल काढली आणि काशिनाथच्या सोमवारच्या रिपोर्टची आपल्याकडची प्रत माझ्यासमोर टेबलावर ठेवली. लाल गोल नव्हते. सगळे आकडे हद्दीत. खाली डॉक्टरनं हातानं लिहिलं होतं की वजन आठ किलो उतरलं आहे, दोन दिवसांच्या उलट्यांनी एवढं होत नाही, हा माणूस कामाला फिट आहे. प्रतीच्या मागे तुमच्या ऑफिसचा पोचल्याचा शिक्का. मंगळवार, ११ मे, दुपारी एक वीस. शिक्क्यावर तुमची लहान सही.

मी तारीख तीनदा वाचली. तुमचा कागद १२ मेचा.

काशिनाथला पत्र लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले. समिधानं कोर्स मध्येच सोडला होता, कुडाळला एका दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली होती. ते तिनंच लिहिलं होतं, काशिनाथनं सांगितलेलं नव्हतं. त्यानं सांगितलेलं तिनं वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: "रिपोर्ट त्येनी वाचललो काय, तेवढा विचार. बाकी माका काय नको."

तेवढं विचारायला मला तीन वर्षं लागली. दोन वर्षं माझा इकामा तुमच्याकडे होता. तिसरं वर्ष लाजेत गेलं. आता मी दुसऱ्या मालकाकडे आहे, त्यामुळे घाबरवायला तुमच्याजवळ काही उरलेलं नाही. नोकरी परत द्या असं कुणी म्हणत नाही. समिधाचं वर्षही तुम्ही आणू शकत नाही.

मंगळवारी एक वीसला पाकीट तुमच्या हातात आलं. बुधवारी तुम्ही सही केलीत. गुरुवारी खिडकीतून म्हणालात, आलं नाही. मधल्या त्या बावीस-चोवीस तासांत ते पाकीट न उघडता तुमच्या खणात पडून होतं, की तुम्ही ते उघडलंत, आकडे वाचलेत, डॉक्टरनं हातानं लिहिलेलं वाचलंत आणि मग पेन उचललंत? उत्तर मला पाठवू नका. काशिनाथ मेस्त्री, कुडाळ, एवढ्या पत्त्यावर पोचतं. मराठीत लिहा, एकाच शब्दात लिहा. रिपोर्ट वाचला होतात, की नाही?